धवळारणीचा गळा

शहापूरहून मुरबाडकडं जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुठंही लग्न ठरलं, की भटजीच्या आधी गोजर धवळारणीला सांगावा जायचा. मांडवात तिनं धवळ्यांची गाणी गायल्याबिगर नवरीला हळद लागत नसे.

तिच्या गळ्यात गाठ आली, लिंबाएवढी. शहरातल्या मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "आत्ताच काढली तर आवाज राहील." तारीख मिळाली. गोजरनं पिशवीत लुगडं भरलं, आणि करोना आला.

सून रेश्मानं फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "तातडीचीच ऑपरेशनं चालू आहेत. तुमचं थांबू शकतं. आम्ही कळवू."

कुणी कळवलं नाही. गाठ वाढत गेली. दवाखान्याचं दार उघडेना, लग्नाचे मांडव मात्र उघडले. पन्नास माणसांना परवानगी मिळाली.

"आये, नको जाव. घसा बसलाय तुझा," रेश्मा म्हणाली.

"हंगामात बसतोच गो. लग्नाच्या पन्नासांत माझी जागा हाय, दवाखान्याच्या एका खाटेवर नाय. जिथं बोलावतात तिथं जाते."

धवळारणीचा आवाज दर हंगामात बसायचा, सुंठ चघळली की उठायचा. गोजर त्याच भरवशावर गात राहिली. आवाज उठला नाही.

अखेर बोलावणं आलं तेव्हा गाठ आवाजाच्या शिरेला चिकटली होती. गाठीबरोबर शीरही कापावी लागली. नवा डॉक्टर रेश्मावरच डाफरला, "इतके दिवस काय करत होतात? वेळेवर आणायला काय झालं होतं?"

"तुमीच सांगितलात थांबा म्हणून," रेश्मा म्हणाली. "आमी थांबलो."

गोजरनं तोंड उघडलं. नुसती हवा निघाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणाला मनापासून शिव्या घालायच्या होत्या, आणि घालता येत नव्हत्या.

पुढच्या हंगामात शेजारणीच्या, सावळीच्या लेकीची हळद होती. सावळीनं मोबाईलवरचे धवळे कर्ण्याला जोडले. "गोजरबाय, तू आता निवांत बस. मान तुझाच हाय."

गोजर उठली आणि तिनं वायर उपटली. मांडव गप्प झाला. रेश्माला जवळ ओढून तिनं कानात नुसत्या श्वासानं ओळ सांगितली, फाटक्या सुपातून भुसा गळावा तशी. रेश्मा गायली, चुकली. गोजरनं मांडीवर थाप मारून थांबवलं.

"अगो, मुहूर्त जातोय," सावळी कळवळली.

गोजरनं तिच्याकडं असं पाहिलं, की हळदीची वाटी घेतलेल्या बाया मागं सरकल्या. मग तिनं ओळ पुन्हा पहिल्यापासून सांगितली.