विमलाचं शिपणं

गुहागरला विमलाकाकी घरात क्वचितच सापडायची. कुणी हाक मारली तर उत्तर नारळ-सुपारीच्या आगरातून, पोफळींच्या मागून यायचं, "येते गो, एवढं आळं भरू दे." विहिरीवरचा पंप सुरू झाला की फावडं घेऊन ती पाटाच्या पुढे चालायची आणि पाणी तिच्या मागून यायचं. एका आळ्याचं तोंड उघडायचं, भरलं की मातीने बुजवायचं, पुढचं उघडायचं. याला तिकडे शिपणं म्हणतात. नवरा होता तेव्हाही शिपणं तिचंच, तो गेल्यावर तर विचारायलाच नको. सून नवी असताना हौसेने फावडं मागायला आली, तर तिला म्हणाली, "तू पोहे कर. तुझ्या हातून पाट फुटेल." साधीभोळी वगैरे विमला कधीच नव्हती.

मग दीपेशने, तिच्या मुलाने, आगर विकलं. नारळ उतरवायला पाडेली मिळत नाहीत, माकडं कोवळी फळं तोडून फेकतात आणि आईला तिथे एकटं किती दिवस ठेवायचं? तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, त्यामुळे विमलाला धड भांडताही आलं नाही. रत्नागिरीत नाचणे भागात त्यांचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. तिथे ती सोफ्याच्या कडेवर अशी बसायची की जणू एसटी आली की उठायचंच आहे. भांड्याला हात लावला की सून रुचिरा म्हणायची, "राहू दे हो आई, बाई येते ना." झाडू उचलला तरी तेच.

एका रविवारी दीपेशने गॅलरीत पांढऱ्या नळ्यांची मांडणी उभी केली. नळ्यांना भोकं, भोकांत जाळीचे पेले, पेल्यांत रोपं. खाली निळा ड्रम.

"आई, हे तुझ्यासाठी."

"माती कुठाय?"

"माती लागतच नाही."

"मग झाडं कशावर जगतात? तुझ्या शब्दावर?"

रुचिरा फसकन हसली. दीपेशने मात्र नीट समजावलं. ड्रममधलं पाणी पंप वर ढकलतो, ते नळ्यांतून मुळं भिजवत खाली उतरतं आणि पुन्हा ड्रममध्ये येतं. माशांच्या टाकीत असतो तसला छोटा पंप ड्रममध्ये हवा सोडतो. "बुडबुडे दिसतायत ना? मुळं त्यावर श्वास घेतात. अहोरात्र चालू ठेवायचं. तू फक्त लक्ष ठेव."

विमलाने लक्ष ठेवलं. सकाळी उठली की गॅलरीत, जेवली की गॅलरीत. पानाची कडा वळली तर तिला आधी कळायचं. शेजारची दमयंती आपल्या गॅलरीतून विचारायची, "काकी, आज काय म्हणतंय शेत?" आणि विमलाला ते आवडायचं, कारण चेष्टेत का होईना, कुणीतरी शेत म्हणत होतं.

एकच गोष्ट तिला सहन होईना. पेला उचलला की ती पांढरीशुभ्र मुळं कायम ओली. आगरात शिपणं दिसाआड. मधला दिवस मातीने सुकायचं, मुळांनी हवा खायची. ज्या पोफळीच्या बुडाशी पाणी साचलं ती गेलीच म्हणून समजायचं. दीपेश आणि रुचिरा चिपळूणला लग्नाला गेले, मुक्कामाला, त्या सकाळी तिने दोन्ही बटणं बंद केली.

"मेली चोवीस तास पाण्यात," तिने दमयंतीला सांगितलं. "माणसाची बोटंसुद्धा सुरकुततात. आज सुट्टी दिली त्यांना."

एप्रिलचं ऊन. नळ्यांतलं पाणी काही वाहून गेलं नाही. तळाशी थोडं राहावं म्हणून टोकं मुद्दाम उंच ठेवलेली होती. ते राहिलं, तापलं, हवेशिवाय तिथेच पडून राहिलं. साचलेल्या पाण्याच्या भीतीने विमलाने पाणी साचवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दोघं आली तेव्हा पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. मुळं तपकिरी, बुळबुळीत. वास गटाराचा.

ती ओरडा खायला तयार होऊन उभी राहिली. दीपेश ओरडला नाही.

"जाऊ दे आई. तुला काय माहीत."

हे तिला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. शाळेबद्दल म्हटलं असेल, बँकेबद्दल म्हटलं असेल. पाण्याबद्दल नाही.

नवी रोपं आली. बटणं भिंतीवरून गेली आणि दीपेशच्या फोनमध्ये जाऊन बसली. विमलाकडे पिवळी पानं काढणं तेवढं उरलं.

मे महिन्यात एका दुपारी लाईट गेली. पाचच मिनिटांत दीपेशचा ऑफिसातून फोन. "आई, पंप बंद पडलाय. रुचिराही बाहेर आहे. ऐक, तांब्याने ड्रममधलं पाणी उचल आणि उंचावरून परत सोड. हवा मिसळली पाहिजे. मधेमधे वरच्या नळीत ओत. जमेल?"

"ठेव फोन."

तिने पदर खोचला. तांब्या भरायचा, हात डोक्याच्या वर न्यायचा, धार सोडायची. पाणी फेसाळायचं. चार तांबे ड्रममध्ये, एक नळीत. तास गेला, दुसरा गेला. खांदा भरून आला.

"काकी, चहा टाकलाय, या," दमयंती म्हणाली.

"पाणी सोडून येऊ कशी?"

असं ती खूप दिवसांनी म्हणाली होती.

दिवेलागणीला लाईट आली. एक पानही मलूल नव्हतं. निकाल घेऊन आलेल्या पोरासारखी ती दाराशी थांबली. दीपेश आला, गॅलरीत डोकावला आणि मग त्याला तिचा भिजलेला पदर दिसला, खांदा चोळणारा हात दिसला. त्याचा चेहरा उतरला.

"छे, छे. या वयात हे... चुकलंच माझं. पुन्हा असं होणार नाही."

तो शब्दाचा पक्का. दोनच दिवसांत माणूस येऊन बॅटरी बसवून गेला. लाईट गेली तरी पंपांना आता पत्ता लागणार नव्हता.

"आता तुम्ही अगदी निवांत," रुचिरा प्रेमाने म्हणाली.

"निवांतच होते गो. मधे एक दुपार तेवढी फुकट नाही गेली."

रुचिराला काही कळलं नाही. ती आत गेली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा लाईट गेली. बिल्डिंगमधले पंखे थांबले, माणसं गॅलऱ्यांत आली. विमलाही आली. नळ्यांत पाणी खळखळत होतं, ड्रममध्ये बुडबुडे येत होते.

"काकी, आज शिपणं नाही?" दमयंतीने विचारलं.

"नाय. त्याला आता मशीन ठेवलंय."

"बरं झालं की. मग तुम्ही काय करता?"

"मी?" विमलाने एक पिवळं पान शोधलं, मिळालं नाही. "मी जेवायला आहे इथे."