केस कानाशी धरणारी अक्का

केस कानाशी धरून ऐकणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? मी पाहिली आहे. आमच्याच गल्लीत राहायची. कुणाच्याही डोक्याचा एक केस ती अंगठा आणि बोट यांत धरायची, कानाजवळ नेऊन चोळायची आणि डोळे मिटायची. डॉक्टर छातीला नळी लावतो तसं तोंड करायची. मग म्हणायची, "हं. कोरडा आहे." किंवा, "हं. तेल आहे, पण वरवर आहे." माणसाचं तोंड ती नंतर बघायची. कधी कधी बघायचीच नाही.

तंजावूरला राजवाड्याच्या मागे आमची गल्ली. मराठी घरं दहाबारा, बाकी तमिळ. तिला सगळे अक्का म्हणत, तिच्याहून मोठे असलेलेही. तिचा धंदा सवुरीचा. सवुरी म्हणजे केसांचा लांब झुपका. नवरीची किंवा नाचणाऱ्या मुलीची वेणी जाड आणि लांब दिसावी म्हणून आत गुंफतात. विंचरताना गळलेले केस बायका डब्यात साठवत. अक्का महिन्यातून एकदा फिरून ते घ्यायची, बदल्यात पिना, रिबिनी, सुया द्यायची. मग ओट्यावर बसून तांदूळ निवडावा तसे केस निवडायची. सरळ इकडे, कुरळे तिकडे. दोरीवर काळे झुपके वाळत असायचे. नवा पोस्टमन पहिल्या दिवशी पत्र रस्त्यावरूनच फेकून पळाला, असं ती सांगायची. खरंखोटं तिला माहीत.

जीभ तिखट. गल्लीतले बँकेचे एक साहेब डाव्या बाजूचे चार केस ओढून उजव्या बाजूला न्यायचे. अक्का भर रस्त्यात त्यांना म्हणाली, "साहेब, इतक्या लांब पाठवता बिचाऱ्यांना, प्रवासभत्ता तरी देता का?" साहेब हसले. दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या गल्लीने जाऊ लागले.

आणि कुणी तिला काही समजावून सांगायला गेलं, की तिचं ठरलेलं, "मी विचारलं का तुजला?"

मी कालव्यावर लस्कर होतो. शटर उचलायचं, पाडायचं, कुठल्या शेताला किती वेळ पाणी ते बघायचं. शाळा पाचवीपर्यंत. केसांशी माझा संबंध एवढाच, की न्हावी दर महिन्याला माझं डोकं बारीक करायचा.

मग बायको गेली. तापाने आठ दिवसांत गेली. त्याबद्दल मी लिहिणार नाही. लिहायला बसलो की पान तसंच राहतं. मागे आठ वर्षांची पोर राहिली, आणि पोरीच्या डोक्यावर ते केस.

ते एका मुलीचे केस नव्हतेच. मानेवर स्प्रिंगसारखी घट्ट वळणं. कानांवर नुसत्या लाटा. आणि टाळूवर सरळ, इतके गुळगुळीत की रिबीन घसरून पडायची. एका डोक्यात तीन पोरी. बायको रोज सकाळी अर्धा तास त्यांच्याशी झगडायची, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, पोरीची वेणी उठतानाच घातलेली असते.

शेजारणींनी पंधरा दिवस पाळीपाळीने विंचरलं. त्यांचीही घरं, त्यांचीही पोरं. मग मी फणी घेतली. फणी मोडली. दुसरी घेतली. पोर ओरडायची, मी तिच्याहून मोठ्याने ओरडायचो. मानेवर केसांचा गोळा झाला. शाळेतून टीचरने वहीत लिहून पाठवलं, डोकं विंचरून पाठवत जा.

मी ठरवलं, मोट्टै. सगळं डोकं भादरून टाकायचं. नवे केस येतात ते सारखे येतात, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात, आणि त्यासाठी पोरांची डोकी सर्रास भादरतात. न्हाव्याला शुक्रवारचं सांगून ठेवलं.

पोर रडली नाही. आईच्या साडीचा एक तुकडा तिने डोक्याला करकचून बांधला आणि तसाच बांधून झोपायला लागली. जेवतानाही सोडेना.

बुधवारी मी तिला अक्काकडे नेलं. "अक्का, शुक्रवारी हिची मोट्टै. केस टाकून कशाला द्यायचे? तुम्हाला आणून देतो."

अक्काने फडकं सोडलं. मानेवरचा एक केस ऐकला, कानावरचा एक ऐकला, टाळूवरचा एक ऐकला. बराच वेळ लावला.

"मजला नको," ती म्हणाली.

"का?"

"तीन जातींचा माल आहे. सवुरीत घातला तर एक इकडे पळेल, एक तिकडे. माझ्या कामाचा नाही."

पोरीने मान वर करून पाहिलं. आपले केस फुकटसुद्धा नकोत, हे तिला लागलं असावं.

"बरं, मग टाकून देऊ," मी म्हणालो.

"नवस आहे का? देवीने मागितलं डोकं?"

"नाही."

"मग मोट्टै कोणासाठी?"

मी सांगू लागलो, की शाळेतून लिहून आलंय, उन्हाळा आहे, उवा होतील.

"उन्हाळ्याचं मी विचारलं का तुजला?"

मी शेवटी म्हणालो, "मला जमत नाही, अक्का."

"हं," ती म्हणाली. "हे आता ऐकण्यासारखं आहे."

मी म्हणालो, रोज सकाळी हिला तुमच्याकडे पाठवतो, तुम्हीच वेणी घाला. ती सरळ नाही म्हणाली. "मी किती दिवस पुरणार? शेजारणी किती दिवस पुरल्या? घरात रोज आहेस तो तू. आठ दिवस माझ्याकडे येऊन शीक. नाही जमलं तर न्हाव्याला मी स्वतः बोलावते."

पोरीने बोटांवर वार मोजले. "म्हणजे पुढच्या गुरुवारपर्यंत," ती म्हणाली. माझ्याशी नाही, अक्काशी.

अक्काने एक कुरळी आणि एक सरळ अशा दोन सवुऱ्या खिडकीच्या गजाला बांधल्या आणि मला पुढे बसवलं. मिशीवाला लस्कर, खाकी चड्डी, हातात लाकडी फणी. मी आधी दार लावून घेतलं. ती म्हणाली, "लाव, लाव. गल्लीला उद्या कळायचं ते परवा कळेल." दुसऱ्याच दिवशी चहाच्या दुकानात एकाने विचारलं, "काय लस्कर, आमच्याकडे पण लग्न आहे, नवरीला सजवायला येता का?"

शिकवणी अशी चालायची.

"शेवटच्या शेताला पाणी कसं देतोस?"

"शटर जास्त वेळ उघडं ठेवून. नाहीतर पोचत नाही."

"मग इथे अक्कल कोठे ठेवून आलास? मान म्हणजे शेवटचं शेत. टाळूवर तेल ओततोस, तिथे चिखल करतोस, आणि मानेला टिपूस नाही."

मला ते एकदम कळलं. आतापर्यंत कुणी माझ्या भाषेत सांगितलंच नव्हतं. मग डोक्याचे वाफे पाडायला शिकलो. एकेका वाफ्याला बांध, म्हणजे पिना. कुरळ्या वाफ्याला कोरडी फणी लावायची नाही. ओला असताना आधी बोटं, मग फणी, तीही टोकाकडून वर. शिकेकाई टाळूला. मानेवरून तिचं नुसतं पाणी ओघळू द्यायचं, आणि वर पातळ पेज. सरळ केसांना पेज लावली तर ते खळ घातलेल्या धोतरासारखे होतात, हेही मी करून पाहिलं.

सगळ्यात अवघड वेणी. माझी पहिली वेणी उंदीर गिळलेल्या सापासारखी झाली. सगळे कुरळे केस एकाच पेडात गेले होते. पोरीने हाताने चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "अप्पा, हा उंदीर खाली कधी उतरणार?" अक्का हसली नाही. "सोड. पुन्हा. तिन्ही पेडांत तिन्ही जाती वाटून घे. एकाच्याच शेतात सगळं पाणी सोडतोस का?"

पाचव्या दिवशी मी शहाणपणा केला. तेव्हा दुकानादुकानांत शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या. एक पुडी आणली, सगळ्या डोक्याला लावली. टीव्हीवरच्या मुलीचे केस वाऱ्यावर उडत होते. माझ्या पोरीचे उभे राहिले. अक्काने दारातूनच पाहिलं आणि म्हणाली, "ती टीव्हीतली एका जातीची आहे. हिला तीन जाती सांभाळायच्यात. ये, बस, तेल घे." त्या दिवशी शाळा बुडाली.

गुरुवारी अक्काने परीक्षा घेतली. वेणी ओढून पाहिली, मानेवर बोट फिरवलं. पोर श्वास धरून बसली होती. मीही.

"टाळू ठीक. उजवा कान ढिला," अक्का म्हणाली. "न्हाव्याला सांग, लस्कराचं डोकं तेवढं कर."

मग माझ्या डोक्याकडे बघून तिने विचारलं, "तुजला माहीत आहे का, हे मानेवरचं कोणाचं?"

"कोणाचं?"

"तुझं. लहानपणी तुझंही असंच होतं. तुझी आई वैतागून दर उन्हाळ्यात मोट्टै करायची. मोठा झालास आणि तूच बारीक करायला लागलास. टाळूवरचं सरळ, ते हिच्या आईचं. तिचे गळलेले केस किती वर्षं माझ्या हातातून गेले, मजला ठाऊक."

मी पन्नाशीला आलो होतो. माझे केस कुरळे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. आणि शुक्रवारी मी काय टाकून देणार होतो, तेही. घरी आल्यावर पोरीने साडीचा तुकडा स्वतःच धुतला आणि वाळत घातला. मी मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ उभा राहिलो. बायको गेल्यापासून तोवर मी रडलो नव्हतो.

पुढची चार वर्षं रोज सकाळी मी वेणी घातली. दार लावूनच.

अक्काचा धंदा मात्र बसला. बाजारात नायलॉनच्या सवुऱ्या आल्या, धुतल्या की चकाचक. बसस्टँडजवळ ब्यूटी पार्लर निघालं. तिथे केस सरळ करून देतात, असं पोरीने कुठून तरी ऐकून आणलं. अक्का म्हणाली, "सरळ करायला तो काय रस्ता आहे?" पण हसताना तिचा आवाज बारीक झाला होता. डोळेही गेले होते. केस निवडता येईनात. मुलगा पापनाशमला होता, तो येऊन घेऊन गेला. दोरी रिकामी झाली. नव्या भाडेकऱ्याने तिच्यावर बनियन वाळत घातले.

दर दोन-तीन महिन्यांनी आम्ही बसने पापनाशमला जायचो. अक्का पोरीला पाठमोरी बसवायची, बोटांनी वेणी वरून खाली वाचायची, आणि एक तरी चूक काढायची. चूक सापडली नाही तर चिडायची. "लस्कर, तू मजला बेकार केलंस." मग पोरीला म्हणायची, "तू हालली असशील."

एकदा सुटीच्या दिवशी गेलो. पोर बारा वर्षांची झाली होती. दार अक्काच्या मुलाने उघडलं, आणि त्याचं भादरलेलं डोकं बघूनच मला कळलं. दहा दिवस झाले होते. त्याने टाकलेलं कार्ड आम्हाला पोचलंच नव्हतं. त्याने पाणी दिलं. आम्ही थोडा वेळ बसलो. पोर सवयीने पाठमोरी बसली होती. मग वळून नीट बसली.

परतीच्या बसची वाट बघत फाट्यावर उभे होतो. दोन्ही बाजूंनी भातशेतं, वारा नुसता सुटलेला. पोरीने वेणीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अप्पा, सकाळी घाईत घातलीत. मानेपाशी फुगलंय."

"घरी गेल्यावर बघू."

"आता."

तिने रिबीन सोडून माझ्या हातात दिली. फाट्यावर वीसेक माणसं होती. पोती घेतलेले, सायकलवाले, भाजीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका. सगळे बघत होते. मी रिबीन दातांत धरली, बाकावर बसलो, वाफे पाडले, आणि तिन्ही जाती तिन्ही पेडांत वाटू लागलो. निम्म्यावर आलो तेवढ्यात बस आली. माणसं चढली. कंडक्टरने शिट्टी वाजवली. माझे दोन्ही हात अडकलेले, तोंडात रिबीन, बोलता येईना.

पोरीने मान न हलवता हात वर केला आणि कंडक्टरला म्हणाली, "थांबा हो. अजून गाठ मारायची आहे."

बस थांबली.