साडूंचा तांदळाचा डबा

जगातला कुठलाही आवाज दाबून लहान करता येतो, यावर माझ्या साडूंइतकी गाढ श्रद्धा दुसऱ्या कुणाची असेल असं मला वाटत नाही. शाळांसाठी सीड्या आणि वेबसाइटी करणाऱ्या एका ऑफिसात ते आवाज साफ करायचे, आणि मुळशीतल्या भरे गावातलं त्यांचं घरही त्याच कामाला जुंपलेलं. रेकॉर्डिंग असलं की भिंतींना गाद्या टेकवायच्या, पंखा बंद, फ्रिज बंद. मेहुणीबाईंनी एकदा कुकर लावला, तर ह्यांनी शिट्टीआधीच गॅस बंद केला; त्या दिवशी आम्ही कच्ची डाळ जेवलो. मग कॉम्प्युटरवर खोकला काप, श्वास काप, फाइल दाब. "मोडेमच्या गोगलगाय इंटरनेटवर ऐकणाऱ्याची जरा दया करा हो," म्हणायचे. मी गप्पा मारत असलो तरी यातली दोन मिनिटं सहज काढता येतील, अशा नजरेने माझ्याकडे बघायचे.

जवळच्याच रिहे गावात आमचे सासरे, म्हणजे बायकोचे दादा, भातलावणीला गायचे. मी ते कॅसेटवर टेप केलं. साडूंनी कॉम्प्युटरवर घेऊन, इवलंसं करून वेबसाइटवर टाकलं. पुढे घशाच्या ऑपरेशनात सासऱ्यांचा आवाज कायमचा गेला. बायको म्हणाली, दादांची कॅसेट लावा. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. त्याच कॅसेटवर मी सोसायटीच्या गणपतीतला कार्यक्रम टेप करून बसलो होतो! वेबसाइटवरचं ऐकवलं, तर ती रडायलाच लागली. "ह्यो दादांचा आवाज न्हाई. दादा असं हंड्यात बसून गात न्हवतं."

शेवटी तिला आणि सासऱ्यांना घेऊन साडूंकडे गेलो आणि गुन्हा कबूल केला. साडू उठले, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पिशवीत गुंडाळलेली सीडी बाहेर काढली. "मूळ कधी दाबायचं नसतं. दाबायची ती नक्कल. आणि मुळशीच्या पावसात सीडीला बुरशी धरते, म्हणून तांदळात." त्यांचे पाय धरायचेच मी बाकी ठेवले होते.

सीडी लागली. खोकला, बैलाची घंटा, दोन ओळींमधला लांब श्वास, सगळं जागच्या जागी होतं. सासरे मांडीवर ठेका धरून ऐकत होते, बायको डोळे पुसत हसत होती, आणि कितीतरी दिवसांनी माझाही जीव भांड्यात पडला. गाणं संपलं आणि सीडीतले सासरे म्हणाले, "जावईबापू, आजून एक म्हनू का?" मागून माझा घाईतला आवाज आला, "नको दादा, पुरे."

साडू माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "एवढं कापू का?"

"राहू दे," मी म्हणालो.