कचरूशेठच्या मोटारीचा ठिकाणा

मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत मेघासारखी डूख धरणारी पोरगी दुसरी नाही, आणि हे मी कौतुकानंच सांगतेय. ती आठवीत असताना दुष्काळ पडला होता, नळाला दहा-दहा दिवस पाणी नव्हतं. कचरूशेठचा टँकर आला की सगळ्यांचं भरून झाल्यावर तिच्या आईचा, भामाबाईचा, नंबर लागायचा. जात बघूनच, दुसरं काय! एकदा भामाबाईनं घाई करून आधी हंडा भरला, तर त्या मेल्यानं तो लाथेनं लवंडला. भामाबाईनं रिकामा हंडा उचलून पुन्हा शेवटी नेऊन लावला. मेघानं मात्र मनाशी खूणगाठ बांधली.

मेघा शिकली आणि जायकवाडी धरणावर कामाला लागली. पाणीचोर पकडायला तिथं तळाशी यंत्रं सोडली होती. पाण्याखाली मोबाईलची रेंज चालत नाही, चालतो फक्त आवाज. वर आवाज सोडणारी पिंपं तरंगत असतात, त्यांची जागा ठाऊक असते. त्यांचा आवाज किती वेळात पोचला यावरून तळातलं यंत्र स्वतःची जागा काढतं. मग पाणी उपसायला चोरून बसवलेली मोटार घुरघुरली, की ती कोणत्या यंत्राला आधी ऐकू आली यावरून तिचाही पत्ता लागतो.

पुन्हा दुष्काळ आला. शहर बिडकीनकडं पसरत चाललेलं, पाणी आटत चाललेलं. एका दुपारी पडद्यावर मोटार उमटली, पण दोन ठिकाणी. यंत्रं एका रांगेत सोडलेली, त्यामुळं आवाज रांगेच्या या बाजूचा की त्या, तेच कळेना. एका काठावर कचरूशेठचं शेत, समोरच्या काठावर कडूबाची टरबुजाची वाडी.

मेघाचे साहेब म्हणाले, "आधी कडूबाकडं धाड टाकू." गरिबाचं दार ठोठावायला यांचं काय जातं?

मेघाचं रक्त उकळलं. कचरूशेठचं नाव ठोकून दिलं असतं तरी चाललं असतं. पण तिथून हात हलवत परतावं लागलं, तर तो जन्मभर साव म्हणून मिरवला असता.

"एक यंत्र रांगेबाहेर टाकू द्या, साहेब. चोर पक्का धरायचाय मला," ती म्हणाली आणि स्वतःच होडीत बसली.

मोटार पुन्हा सुरू झाली तेव्हा पडद्यावर एकच ठिपका राहिला, कचरूशेठच्या काठाखाली. पाणबुड्यांनी मोटार नि पाइप ओढून काढले, आणि शेठची वरात पोलिसांच्या गाडीतून निघाली. मेघा काठावर उभी राहून मनसोक्त हसली. मला विचाराल तर तिनं थुंकायलाही हवं होतं.

पण त्याच चोरीच्या पाण्यावर भरणारा शेठचा टँकर बंद झाला आणि आमची गल्ली कोरडी पडली. बायका रिकामे हंडे घेऊन चौकात जमल्या. सारजाबाई कडाडली, "ज्यानं चुगली केली त्याचं वाटोळं होवो! पाण्याचा घोट मिळू नाय त्याला!"

मेघाचा चेहरा उतरला. तेवढ्यात भामाबाई तिच्या शेजारून निघाली आणि सगळ्यांना बाजूला सारत थेट सारजाबाईपुढं जाऊन उभी राहिली.

"माझ्या लेकीनं धरून दिलं त्याला. लई झ्याक केलं," ती म्हणाली. "इतकी वर्सं मी शेवटाला हुबी व्हते, तवा तुमच्यातल्या एकीनं तरी तोंड उघडलं व्हय? आता सोसा."