अप्पांनी छापलेला दाखला

आमच्या घरात शाळा भरायची ती गिरणीच्या भोंग्यावर. सकाळचा भोंगा झाला की अप्पा, म्हणजे माझे वडील, धुतलेला सदरा घालून बाहेरच्या खोलीत येत, खुर्चीत बसत आणि हजेरीचं पुस्तक उघडत. वर्गात विद्यार्थिनी एकच, ती मी. तरीही 'एक नंबर' असा पुकारा व्हायचा आणि मी 'हजर' म्हणायचं. एकदा कंटाळून मी उत्तरच दिलं नाही, तर त्यांनी समोर बसलेल्या मला गैरहजर मांडलं आणि शांतपणे गणित शिकवायला लागले.

अप्पा पूर्वी सोलापुरातल्याच एका खासगी शाळेत मास्तर होते. संचालकांपैकी कुणाचा तरी भाचा गणितात नापास झाला. त्याला पास करा म्हणून वरून सांगणं आलं. अप्पांनी पेपर पुन्हा तपासला, एक गुण कमीच निघाला, तो कमी केला आणि राजीनामा टेबलावर ठेवून घरी आले. खोटं एक अक्षर लिहिणार नाही, आणि माझी मुलगी असल्या शाळेची पायरी चढणार नाही, असं त्यांनी दारातच जाहीर केलं. मी तेव्हा पाच वर्षांची. रागाच्या भरात माणूस बोलतो आणि आठ दिवसांनी विसरतो. अप्पा विसरले नाहीत. त्यांनी एका छापखान्यात प्रुफं तपासायची नोकरी धरली. ती दुपारनंतरची असे, आणि सकाळ माझ्या वाट्याला.

शिकवायचे मात्र झकास. ते नाकारण्यात अर्थ नाही. सहामाही, वार्षिक सगळ्या परीक्षा व्हायच्या आणि त्यांचे पेपर छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून छापलेले असायचे, एकुलती एक प्रत. दर जूनला महापालिकेच्या शाळेचे एक मास्तर मुलांची नावं टिपायला गल्लीत येत. कायद्यानं सक्ती आहे, पोरीला शाळेत घाला, असं ते दरवर्षी सांगत. अप्पा म्हणत, सक्ती शिक्षणाची आहे ना, मग विचारा तिला काहीही. ते बिचारे काहीतरी विचारत, मी धडाधड उत्तर देई, ते चहा पिऊन जात. जाताना वहीत काय लिहीत होते कोण जाणे.

पण मला चैन नसे. दाराशी उभी राहून मी शाळेला जाणाऱ्या मुली बघायची. त्यांना शिकवणारे मास्तर अप्पांच्या पासंगाला पुरले नसते, हे मला कळत होतं. तरी त्यांच्या घोळक्यात धक्काबुक्की करत जावं, कुणाशी तरी अबोला धरावा, असं सारखं वाटायचं. घरात मी एका जागी दहा मिनिटं बसत नसे. नखं कुरतडून बोटं लाल केलेली असत. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची की ही पोरगी खुंट्याला बांधलेल्या वासरागत फिरती.

सोळावं सरलं तेव्हा अव्वानंच लग्नाचा विषय काढला. ती अक्कलकोटकडची, शाळेत दोन वर्षं गेलेली. एकदा पाहुणे मला बघायला आले होते आणि त्यांनी मुलगी कितवी झाली म्हणून विचारलं. अप्पा म्हणाले, अकरावीचं सगळं झालंय. दाखला कुठल्या शाळेचा, असा पुढचा प्रश्न आला आणि अव्वानं पोहे पुढं केले. पाहुणे पोहे खाऊन गेले. मला त्या स्थळाचं सोयरसुतक नव्हतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की कागदावर मी अडाणी आहे.

मग चौकशा सुरू झाल्या. मास्तरीण व्हायचं तर डी.एड. हवं, त्याला मॅट्रिक हवी. नर्सचं शिक्षण, त्यालाही मॅट्रिक. टायपिंगची परीक्षा कुणीही देऊ शकतं, पण नोकरी मागायला गेलं की पहिला प्रश्न मॅट्रिकचाच. शिवणकामाच्या डिप्लोमालासुद्धा सातवीचा कागद मागत. सगळे रस्ते फिरून एकाच दाराशी येत होते. बाहेरून मॅट्रिकला बसता येतं, त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो आणि तो कुठल्यातरी हायस्कूलमार्फत भरावा लागतो, एवढं कळलं. आणि घाईसुद्धा होती. जुनी अकरावीची मॅट्रिक बंद होऊन दहावी-बारावी येणार होती. यंदा हुकलं तर नवी पुस्तकं, नवं गणित, सगळं पहिल्यापासून. मला तर एक आठवडासुद्धा थांबवत नव्हतं.

फॉर्म आणला. त्याच्यासोबत शेवटच्या शाळेचा, शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा होता. अप्पांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी छापखान्यातून येताना त्यांनी एक कागद आणला. जाड कागद, भोवती वेलबुट्टीची चौकट, वर ठळक अक्षरांत 'गृहशाळा, सोलापूर', खाली शाळा सोडल्याचा दाखला. माझं नाव, जन्मतारीख, प्रगती उत्तम, वर्तणूक चांगली पण चंचल. शाळा सोडण्याचं कारण, शिक्षण पूर्ण. मुख्याध्यापक म्हणून अप्पांची सही. एकही चूक नाही. छापखान्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला नीट जुळवलेल्या, नीट तपासलेल्या मजकुरापेक्षा मोठा पुरावा कुठला असणार? त्यांना वाटलं, अकरा वर्षं शिकवलं, आता दाखला देणं माझंच काम. यात काही गैर आहे हे त्यांच्या स्वप्नातसुद्धा आलं नाही. माझ्याही नाही.

हायस्कूलचा क्लार्क भला माणूस होता. त्यानं तो दाखला दोनदा वाचला, मग उठून दार लोटून घेतलं.

"मास्तर, हे कुणाला दाखवलं न्हाय ना? बोगस दाखला म्हणून केस हुईल तुमच्यावर. फाडा हितंच."

अप्पा म्हणाले की त्यात खोटं काय आहे ते दाखवा. क्लार्कनं कपाळाला हात लावला. शाळेला मान्यता हवी, नंबर हवा, तुमच्या बाहेरच्या खोलीला तो कोण देणार, असं त्यानं समजावलं. वाट एकच होती. मुलगी कधीच कुठल्याही शाळेत गेलेली नाही असं मामलेदार कचेरीतल्या साहेबासमोर शपथेवर लिहून द्यायचं आणि गावच्या जन्मनोंदीचा उतारा जोडायचा. घरी शाळा भरते हे तोंडातून काढायचंच नाही, नाहीतर परवानगी कुठली म्हणून नवं लफडं. शेवटची तारीख चार दिवसांवर होती.

उतारा अव्वानं माहेरच्या गावाहून दुसऱ्याच दिवशी आणला. अडून बसले ते अप्पा. कुठल्याही शाळेत गेली नाही, हे मी लिहून देणार नाही म्हणाले. मग ही अकरा वर्षं मी काय केलं? घरात दोन दिवस कानडीत भांडण चाललं. एरवी दोघं माझ्यासमोर मराठी बोलत, कानडी सुरू झाली की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. मी आत-बाहेर येरझाऱ्या घालत होते, जेवण टाकलं होतं. तिसऱ्या सकाळी हजेरी घ्यायला अप्पा बसले तेव्हा मी ते पुस्तक त्यांच्या हातातून ओढून घेतलं. तुमचं भांडण तुमच्या शाळेशी होतं, त्यापायी मला जन्मभर अडाणी ठेवू नका, असं म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं. ते इथं लिहायची मला लाज वाटते.

अव्वा भाकरी थापता थापता उठून आली. पिठाच्या हातानंच दारात उभी राहिली.

"कागदावर न्हाय म्हनलं म्हनून तिच्या डोस्क्यातलं पुसतंय व्हय? सही करा की."

अप्पा उठले. मग चपला शोधायला लागले.

कचेरीबाहेर लिंबाखाली बसलेल्या टायपिस्टनं मजकूर बडवला. अप्पांनी तो खिशातली पेन्सिल काढून तपासला, सवयीनं. मी घाई करत होते, रांग वाढत होती. आत साहेबांच्या टेबलाशी आमचा नंबर लागला. साहेब तसे प्रेमळ वाटले. कागद वाचून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. कधीच शाळेत गेली नाहीस? मी नाही म्हटलं. मग एकदम मॅट्रिक? शिकवलं कोणी तुला?

'वडिलांनी' एवढं म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं. घरी बापानं मुलीला शिकवायला कुणाची परवानगी लागत नाही. हे मला आज कळतं. तेव्हा डोक्यात फक्त क्लार्कचा इशारा होता, आणि आता कुणी काही काढू नये, शिक्का पडावा आणि सुटावं, इतकंच. मी क्षणभरसुद्धा विचार केला नाही.

"कुणी नाही. माझी मीच शिकले."

साहेबांना कौतुक वाटलं. त्यांनी अप्पांना विचारलं, खरं का हो? अप्पा माझ्या शेजारी, हातभर अंतरावर उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. टेबलावरच्या शाईच्या डागाकडे बघत राहिले.

"खरं आहे, साहेब," अप्पा म्हणाले. आणि सही केली.

फॉर्म शेवटच्या दिवशी गेला. मार्चमध्ये मी परीक्षेला बसले, एका बाकावर अनोळखी मुलीशेजारी, आणि चांगल्या गुणांनी पास झाले. त्या मधल्या महिन्यांत अप्पांनी मला पूर्वीइतकंच मन लावून शिकवलं. कचेरीतला विषय त्यांनी काढला नाही. मी रोज काढायचा ठरवायची, आणि रोज कुठल्या तरी कारणानं उठून जायची.

निकालाच्या दिवशी सगळी गल्ली पेढे घ्यायला आली. अव्वा हसत होती, रडत होती. जूनमध्ये नावं टिपायला येणारे महापालिकेचे ते मास्तरही आले. त्यांनी अप्पांचा हात हातात घेतला आणि म्हणाले की हे सगळं तुमचं, मी डोळ्यांनी पाहिलंय. अप्पांनी हात सोडवून घेतला.

"माझं नाही त्यात काही. तिची तीच शिकली. शपथेवर सांगितलंय तसं."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. पुढे जो कुणी विचारी, त्याला ते मरेपर्यंत हेच सांगत राहिले. त्या दिवशी मी पेढ्यांचं ताट धरून त्यांच्या शेजारीच उभी होते, आणि मी काहीच बोलले नाही.