गावखरीची माती

हट्टा गावाजवळच्या एका रस्त्याच्या कामावर मी माती तपासायला होते. जमीन काळी, मऊ. पावसात चाक गिळणारी. तिच्यातच सिमेंट कालवून तिला घट्ट करायचं आणि वर रस्ता करायचा, असं काम. आधी लांबच्या शेतातली आणि गावालगतची माती आणून तिचे सिमेंट कालवून तपासणीचे ठोकळे पाडले. सिमेंटचं माप दोन्हीकडे एकच. कालवणारे मिस्त्री माझ्या वडिलांच्या वयाचे, सगळे त्यांना चाचा म्हणायचे.

सात दिवस ओलसर ठेवलेले ठोकळे यंत्रात दाबले. शेतातले चांगला जोर सोसून मग फुटले. गावालगतचे माझ्या बोटांतच भुरभुरले. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. सगळ्यांदेखत म्हणाले, "चाचा, सिमेंट कुठं गेलं?"

"बराबर टाकलं म्याडम," एवढंच ते बोलले. ठेकेदाराने त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

मी पुन्हा गावालगतची माती आणायला गेले. शेजारी एक काकू वांगी तोडत होत्या.

"काहून एवढं उकरून राहिल्या?"

सांगितलं तर हसायलाच लागल्या. "बाई, गावखरी हाय ही! साऱ्या गावाचं शेण, उकिरडा इथंच मुरला. हितं काहीबी टाका, उगवतंच."

गावखरी! शब्द माझ्याही आजोळचा. पण पिशवीवर मी 'काळी माती' एवढंच लिहून मोकळी झाले होते.

या खेपेला सिमेंट मी स्वतः मोजलं, स्वतः कालवलं. सात दिवसांनी पुन्हा भुगा. कुजलेलं मुरलं असेल तर ते सिमेंटला धरू देत नाही, हे शिकताना वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. आता ते तळहातावर होतं आणि माझ्या अंगावर काटा आला. किती पिढ्यांची गुरं, किती चुलींची राख त्या चिमूटभर मातीत असेल! एका दाण्याचं कणीस करणाऱ्या मातीने दगड व्हायला साफ नकार दिला होता. मला तिच्यापुढे फार लहान वाटलं.

ठेकेदाराशी भांडून चाचांचं काम परत मिळवलं आणि त्यांच्या घरी गेले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हणाले, "चाचा, मी स्वतः कालवून बघितलं. तुमची काहीच चूक नव्हती."

"व्हय म्याडम," ते शांतपणे म्हणाले. "तुमच्या हातानं भुगा झाला, तर माती तशी निघाली. माझ्या हातानं झाला, तर मी चोर निघालो."