यमुनाअक्कांचे वेढे

आमच्या घरात विजेचा पहिला दिवा लागला तेव्हा मी अकरावीत होतो. वडील यावलच्या शिवारात केळीचे घड कापायचे आणि खांद्यावरून ट्रकपर्यंत वाहायचे. आई केळीच्या बुडाशी फुटणारी पिलं काढायला, खत टाकायला त्याच बागांमध्ये जायची. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो, तो कशानेही निघत नाही. आमच्या घरात बिनडागाचा शर्ट कुणाचाच नव्हता. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला जळगावला गेलो तेव्हा मी तो डाग वहीखाली झाकून उभा राहिलो होतो. चार वर्षांनी बी.ई. झालो. आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर मी. विहारात माझा सत्कार झाला, आणि त्या सत्काराचा लाऊडस्पीकर इतका घुरघुरत होता की पाहुणे काय बोलले ते आईला आजही सांगता येणार नाही.

सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: वीज मंडळात चिकटायचं. पण मी जळगावात एका टीव्हीच्या दुकानात दुरुस्तीला लागलो होतो, आणि तिथे धुळ्याचे एक कान-नाक-घशाचे डॉक्टर आपलं परदेशी डीएसी घेऊन आले. हे काय असतं ते सांगतो. सीडीवर गाणं नसतं, आकडे असतात. एका सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर. त्या आकड्यांचा परत आवाज करायचा, हे डीएसीचं काम. साध्या सीडी प्लेअरच्या पोटात ते असतंच. पण शौकीन लोक त्यासाठी वेगळी, भारी पेटी घेतात. डॉक्टरांची पेटी मी उघडली, बिघडलेला भाग बदलला आणि सहज बोलून गेलो, "हे मी बनवू शकतो."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "बनवा. माझ्या पेटीशेजारी ठेवून ऐकेन. त्याच्या तोडीचं उतरलं तर तुमचं घेईन, आणि माझ्या चार मित्रांनाही घ्यायला लावेन."

वडिलांनी मला एक वर्ष दिलं. "वर्षभर तुझं खूळ," ते म्हणाले, "मग मंडळाचा फॉर्म." अशा त्या वर्षात मला यमुनाअक्का भेटल्या.

जळगावात बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं वाइंडिंगचं दुकान होतं. पाटी नव्हती. मोटारी, पंप, स्टॅबिलायझर, काहीही जळालं की लोक सरळ तिथे जात. मी गेलो तेव्हा पन्नाशीची एक बाई, नऊवारीचा पदर खोचून, हाताने साचा फिरवत तांब्याची तार गुंडाळत होती. मी दारातूनच मोठ्यांदा म्हणालो, "नमस्कार, ट्रान्सफॉर्मर करून मिळेल का?"

तिचा हात थांबला. "चुकना ना मन्हा आकडा!" ती म्हणाली, आणि गुंडाळलेली सगळी तार माझ्यादेखत उलटी सोडायला लागली. सातशेच्या वर वेढे होते.

मी म्हणालो, "अक्का, दोन-चार वेढ्यांनी काय बिघडतं?"

"तुले बिघडत नही," त्या म्हणाल्या, "ट्रान्सफॉर्मरले बिघडस. बस आते. बोलू नको."

मी अर्धा तास गप्प बसलो. वेढे मोजायचं यंत्र बाजारात मिळत होतं, त्यांच्याकडेही एक होतं, खुंटीला टांगलेलं. "त्यानं मोजेल त्याले माहीत, मन्हं मोजेल माले," असं त्या म्हणायच्या. अक्का शिंदखेड्याकडच्या. शाळा चौथीपर्यंत. नवरा मोटार वाइंडर होता, तो वारल्यावर लोक अर्धवट कामं परत न्यायला आले. त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आठ दिवस थांबा. आठ दिवसांत सगळ्या मोटारी फिरल्या. नवऱ्याचं काम शेजारी बसून बघता बघता त्या शिकल्या होत्या, हे नवऱ्यालाही ठाऊक नसावं.

त्यांची तपासायची रीत और होती. ट्रान्सफॉर्मरला वीज जोडायची, घरातलं पोळ्यांचं लाटणं घ्यायचं, एक टोक लोखंडावर टेकवायचं, दुसरं कानाशी, आणि डोळे मिटायचे. डॉक्टर छाती तपासतात तसं. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायच्या, "थांब, तो काही सांगी ऱ्हायना." म्हणजे, तो काहीतरी सांगतोय.

माझी पहिली पेटी चार महिन्यांत तयार झाली. आकडे आत घेणारी चिप, ते गाळणारी चिप, त्यांचा आवाज करणारी चिप, सगळं मुंबईच्या बाजारातून आणलेलं. नकाशा पूर्ण माझा. मी ती अक्कांच्या दुकानात घेऊन गेलो, दुकानातल्या मोठ्या स्पीकरला जोडली आणि सीडी लावायला लागलो.

"गानं नको लाऊ," अक्का म्हणाल्या. "पहिले नुसतं चालू कर."

नुसतं चालू केलं. आवाज पूर्ण वाढवला. त्यांनी स्पीकरला कान लावला. "हाई गुरगुरी ऱ्हायनं."

मी वही काढली. चिपची माहिती दाखवली, गणित मांडलं, गुरगुर येणंच शक्य नाही हे सिद्ध केलं. अक्कांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुनं बठ्ठं बरोबर शे, भाऊ. आते हाई मशीनले सांग."

तुझं सगळं बरोबर आहे, आता हे मशीनला सांग: हे वाक्य मी पुढे कितीदा ऐकलं याची मोजदाद नाही. त्यात कुचकेपणा नसायचा. त्यांना खरंच वाटायचं, की इतका शिकलेला मुलगा आहे, तर मशीनला समजावून सांगेल.

मग त्यांनी मला विचारलं, आकड्यांचं काम कुठे चालतं आणि आवाजाचं कुठे. मी दाखवलं. दोन्हींना वीज एकाच ट्रान्सफॉर्मरमधून जात होती. "दोन्ही वावरले येकच पंप कसाले?" त्या म्हणाल्या. एका वावरातला गाळ दुसऱ्यात जाणारच. त्या दिवशी ठरलं: ट्रान्सफॉर्मर दोन, आकड्यांचा वेगळा, आवाजाचा वेगळा. तांबट गल्लीतून त्या तांब्याचा पातळ पत्रा घेऊन आल्या आणि आत-बाहेरच्या वेढ्यांच्या मधोमध तो पडद्यासारखा बसवला, त्याची दोन टोकं एकमेकांना टेकू न देता. टेकली तर तो पत्राच एक बंद वेढा होऊन ट्रान्सफॉर्मर जाळतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्यांना कशातून ठाऊक होतं ते मी विचारलं नाही. आकड्यांना ताल देणारी घड्याळाची चिप कुठे बसवायची, आवाजाच्या तारा कुठून न्यायच्या, ग्राउंडच्या सगळ्या तारा एकाच बिंदूला कशा आणायच्या, हे मी केलं, आणि ते चांगलं केलं. पण वैशाखात दुसरी पेटी चालू केली तेव्हा स्पीकरला कान लावून अक्का कितीतरी वेळ तशाच बसल्या, मग मला म्हणाल्या, "बंद शे का चालू?"

मला पदवी मिळाली तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

एक गोष्ट आम्ही दोघांनीही केली आणि दोघांनाही ती चूक वाटली नाही. आपल्याकडे वीज कागदावर दोनशे वीस व्होल्ट. केळीला पाणी चालू असलं, शिवारातले पंप सुरू असले, की घरात एकशे सत्तरही येत नाही; दिवा नुसता लाल दिसतो. म्हणून, कमी वीज आली तरी ट्रान्सफॉर्मरमधून पुरेशी बाहेर पडावी यासाठी, अक्का प्रत्येकाला बाहेरचे वेढे जास्त द्यायच्या. याला त्या 'खान्देशी दोनशे वीस' म्हणत, आणि गिऱ्हाईकं ते मागून घेत. आमच्या पेटीतही तेच. एकशे साठ व्होल्टवरही ती बिनघोर चालली पाहिजे, हे मी स्वतः मोजून बघितलं. वरच्या बाजूला मोजलं नाही. कॉलेजात शिकवलं होतं, तरी नाही. जळगावात अडीचशे व्होल्ट बघितलेला माणूस मला तोवर भेटला नव्हता.

आषाढात आम्ही एसटीने धुळ्याला गेलो. वडिलांनी दिलेल्या वर्षाचे तीन आठवडे उरले होते. पेटी माझ्या मांडीवर, हत्यारांची पिशवी अक्कांच्या. चार दिवस झड लागली होती. एरंडोलपासून पुढे दोन्ही बाजूंना वावरं पाण्याने भरलेली, आणि अक्का खिडकीतून कौतुकाने बघत होत्या. त्या बघण्यातून आमच्या दोघांच्याही डोक्यात जे यायला हवं होतं, ते आलं नाही.

डॉक्टरांच्या दिवाणखान्यात त्यांचे एक प्राध्यापक मित्र बसले होते. दोन्ही पेट्या शेजारी ठेवल्या. आधी डॉक्टरांची वाजली, मग आमची. ख्याल होता. डॉक्टर पुढे वाकून बसले. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. अठराव्या मिनिटाला गवई तान घेत असतानाच पेटी मुकी झाली.

मी झाकणाला हात लावला. चटका बसला.

"जळगावचं केळं पिकलं वाटतं," प्राध्यापक म्हणाले.

मी मीटर काढून भिंतीतल्या सॉकेटला लावला. दोनशे अठ्ठावन्न. तेव्हा उजेड पडला. पाऊस झाल्यामुळे शिवारभर पंप बंद होते, वीज प्यायला कुणी नव्हतं, आणि ती सगळी आमच्या पेटीत शिरली होती. जास्तीच्या वेढ्यांनी तिला आणखी चढवलं आणि विजेचा दाब एका पातळीवर धरून ठेवणाऱ्या आतल्या रेग्युलेटरनी तापून काम थांबवलं. मी ताठ होऊन म्हणालो, "डॉक्टर, पेटीत दोष नाही. तुमच्या घरी वीजच—"

"उगी ऱ्हाय," अक्का म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे वळून, "चूक मन्ही शे, डाक्टर. वीजनी नही, पोरानी बी नही. मी जन्ममा जादा वीज दखी नही. वेढा जास्त व्हयनात. माले येक टेबल द्या."

मोठ्या माणसांच्या दिवाणखान्यात, पायातल्या चपला दाराबाहेर काढून उभी असलेली ती बाई इतक्या सरळ आवाजात 'चूक माझी' म्हणाली की प्राध्यापकांनी मान खाली घातली. मला माझी पदवी त्या क्षणी फार हलकी वाटली, कारण चूक निम्मी माझी होती आणि मी ती भिंतीवर ढकलत होतो.

मीही तेवढं मोठ्याने बोललो. "निम्मी माझी आहे. मी वरची बाजू मोजली नाही."

"मंग मोज आते," अक्का म्हणाल्या. "बोल, कितला काढू?"

मी कागदावर हिशेब मांडला. बाहेरच्या थरातले किती वेढे कमी केले की रेग्युलेटर थंड राहतील ते काढलं. अक्कांनी कात्री उचलली, आणि माझ्या डोक्यात आलं की हे तोडलं तर उन्हाळ्यात पंप सुरू झाल्यावर हीच पेटी उपाशी मरेल. मी म्हणालो, "अक्का, तोडू नका. तेवढ्या वेढ्यांवर तार खरवडा आणि तिथून एक टोक बाहेर काढा. दोन्ही टोकं राहू देत. मागे खटका बसवू. पंप चालू असले की पूर्ण वेढे, बंद असले की कमी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हाई कालेजमा शिकाडं का?"

"नाही."

"मंग बरोबर व्हई," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

त्या वेढे उलटे मोजत होत्या तेव्हा डॉक्टरांच्या पत्नी चहा घेऊन आल्या आणि "अक्का, साखर किती?" असं विचारणार, तेवढ्यात डॉक्टर आणि प्राध्यापक दोघांनीही एकदम तोंडावर बोट ठेवलं. दोन्ही ट्रान्सफॉर्मर झाले. प्राध्यापक स्वतः छत्री घेऊन गेले आणि शेजारच्या दुकानातून खटका घेऊन आले. मी तो मागच्या पट्टीत बसवला.

मग आमची पेटी दीड तास वाजली. मी झाकणावर हात ठेवून बसलो होतो. ते कोमट होतं, बाळाच्या अंगासारखं. डॉक्टरांनी तीच सीडी चार वेळा पेट्या बदलून ऐकली. शेवटी म्हणाले, "गळा दोन्हींकडे सारखा आहे. पण गवई थांबतो ना, तेव्हा मागे तानपुरा उरतो. माझ्या पेटीत तो लवकर संपतो. तुमच्या पेटीत तो मला शेवटपर्यंत ऐकू येतो." मग पेटीची मागची बाजू बघत त्यांनी विचारलं, "एवढंच सांगा, हा खटका कशाला? परदेशी पेटीला असलं काही नसतं."

"त्यासना देशमा केळीले पंप लावतस का?" अक्कांनी विचारलं.

डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. पेटी त्यांच्याकडेच राहिली. त्यांची जुनी पेटी प्राध्यापकांनी मागितली, तर डॉक्टर म्हणाले, "ती कशाला? तुम्ही जळगावची घ्या." प्राध्यापकांनी आमच्याकडे बघून हात जोडले आणि आपलं नाव नोंदवलं.

परतीच्या एसटीत अक्का अमळनेरच्या एका बाईला पंपाची मोटार का जळते ते समजावत होत्या. मला उद्देशून एवढंच म्हणाल्या, की यापुढे 'खान्देशी दोनशे वीस' दोन टोकांचं करायचं, सगळ्यांसाठी. आणि केलं. त्यानंतर त्यांच्या दुकानातून जुन्या रीतीचा एकही ट्रान्सफॉर्मर गेला नाही. तीस वर्षांची सवय त्यांनी एका दुपारी सोडली, त्याबद्दल त्या कुणाशी बोलल्याही नाहीत. शिकलेल्या माणसांमध्ये मी पुढे पुष्कळ वावरलो. चूक कळल्यावर इतक्या कमी शब्दांत ती मानणारा आणि इतक्या लगेच कामाला लागणारा माणूस मला दुसरा दिसला नाही.

त्या वर्षी मंडळाचा फॉर्म वडिलांनीच फाडला. पेटीच्या मागच्या पट्टीवर मी खटक्याच्या दोन बाजूंना 'पंप चालू' आणि 'पंप बंद' असं कोरून घेतलं. खाली 'रचना' म्हणून माझं नाव, 'वाइंडिंग' म्हणून यमुनाअक्कांचं, आणि 'जळगाव'. आपलं नाव त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं आणि एका वेलांटीला कोरणाऱ्याने घाई केली आहे असं सांगितलं.

पाच वर्षं आम्ही ते काम केलं. शेवटच्या वर्षी त्यांना दम लागायचा, तरी वेढे त्या स्वतःच मोजायच्या. पौषात एका सकाळी त्या गेल्या. तोवर आम्ही दोघांनी मिळून सव्वीस डीएसी बनवले होते. ते जळगाव, धुळे, नाशिक, पुणे आणि इंदूरच्या घरांमध्ये गेले, आणि त्यातला एकही दुरुस्तीला परत आला नाही.